‘तशी माझी काही तक्रार नाही’



आमच्या सल्ला केंद्रात नवी बाई आली की एक फॉर्म भरून घ्यावा लागतो. नाव, वय, शिक्षण, माहेरचा पत्ता, सासरचा पत्ता, मुलं किती, आणि मग ‘तक्रारीचं स्वरूप’. या शेवटच्या रकान्याशी आलं की गाडी अडते. हाताला बँडेज असतं, वर्षभराचा पगार सासरच्यांनी काढून घेतलेला असतो, पोराला भेटू दिलेलं नसतं. तरी पहिलं वाक्य येतं, ‘तशी माझी काही तक्रार नाही, ताई.’ बारा वर्षांत हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की हल्ली तो रकाना मी कोराच ठेवते आणि आधी चहा मागवते.

यंदा मार्चमध्ये हेच वाक्य अगदी अनपेक्षित जागी भेटलं. आमच्या गटातली एक मैत्रीण कॉलेजात गणित शिकवते. महिला दिनाच्या निमित्ताने ती अभ्यासवर्गात एमी नोएथर या जर्मन गणितज्ञ बाईवर बोलली. बोलली छानच. शेवटी म्हणाली, ‘एवढा अन्याय झाला, पण तिने कधी तक्रार केली नाही. आपलं काम करत राहिली.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी येताना बसमध्ये मात्र त्या टाळ्या टोचायला लागल्या. केंद्रात ज्या वाक्यापाशी आम्ही बाईला थांबवतो, त्याच वाक्याला अभ्यासवर्गात आम्ही टाळ्या दिल्या होत्या.

मग मी या बाईबद्दल मिळेल ते वाचलं. मला गणितात गती नाही, एम.एस.डब्ल्यू.ला संख्याशास्त्राचा एक पेपर होता, तो कसाबसा सुटला. तेव्हा तिच्या गणिताबद्दल मी अधिकाराने काही बोलू शकत नाही. पण कामाचे पैसे कुणाला मिळतात, काम कुणाच्या नावावर जमा होतं आणि अर्जावर काय शेरा पडतो, हे माझ्या रोजच्या व्यवहारातलं आहे. त्या नजरेने वाचलं.

एमीचा जन्म २३ मार्च १८८२ चा. जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातलं एर्लांगेन हे तिचं गाव. वडील माक्स नोएथर तिथल्याच विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, घर ज्यू, सुखवस्तू. पाठीवर तीन भाऊ. मुलीच्या जातीला लागतं तेवढं शिक्षण तिला मिळालं: मुलींची शाळा, भाषा, पियानो, घरकाम. नाचाची तिला आवड होती. १९०० साली ती इंग्रजी आणि फ्रेंच शिकवण्याची सरकारी परीक्षा पास झाली. म्हणजे मुलींच्या शाळेत भाषाशिक्षिका होण्याचा रस्ता सरळ समोर होता. तिने तो सोडला आणि विद्यापीठात गणिताच्या वर्गात जाऊन बसली.

‘जाऊन बसली’ हे शब्दशः घ्यायचं. प्रवेश नव्हताच. बाईमाणूस विद्यार्थी म्हणून घेतलं तर विद्यापीठाची सगळी घडी मोडेल, असा निर्वाळा एर्लांगेनच्या विद्वत्सभेने १८९८ मध्ये दिलेला होता. बायकांना फक्त श्रोता म्हणून बसता येई, तेही ज्याच्या त्याच्या वर्गात ज्याची त्याची परवानगी मागून. त्या वेळी ९८६ विद्यार्थ्यांत बायका दोन. त्यातली एक एमी. तिचा धाकटा भाऊ फ्रिट्झ पुढे गणितच शिकला; त्याला वर्गात बसण्यासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही.

१९०३ मध्ये बव्हेरियाने मुलींना विद्यापीठांत रीतसर प्रवेश दिला आणि १९०४ मध्ये एमीने एर्लांगेनला नाव घातलं. चरित्रांमध्ये हे असं लिहिलेलं असतं की जणू ऋतू बदलला आणि दार उघडलं. दारं अशी उघडत नाहीत. हेलेन लांगं नावाची शिक्षिका आणि तिच्या सोबतिणींनी १८८७ मध्ये प्रशियाच्या सरकारकडे मुलींच्या शिक्षणाबद्दल लेखी मागणी केली होती. तिची टवाळी झाली. मग त्यांनी बर्लिनमध्ये स्वतःच वर्ग काढले, मुलींना विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षेसाठी तयार केलं आणि १८९६ मध्ये त्यांच्या सहा मुली ती परीक्षा पास झाल्या. ठिकठिकाणच्या स्त्री-संघटनांनी अर्जांमागून अर्ज केले. एमी या चळवळीत नव्हती. पण ती ज्या दारातून आत गेली, ते तक्रार करणाऱ्या बायकांनी ढकलून उघडलेलं होतं.

डिसेंबर १९०७ मध्ये तिने पॉल गोर्डान या वडिलांच्या सहकाऱ्याच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी.ची परीक्षा सर्वोच्च श्रेणीत दिली. प्रबंधाला ३३१ सूत्रांची यादी जोडलेली होती. पुढे ती स्वतःच या कामाला शेणखत म्हणायची! असल्या आकडेमोडीपलीकडे ती लवकरच गेली.

मग १९०८ ते १९१५. सात वर्षं ती एर्लांगेनमध्ये संशोधन करत होती, पदही नाही आणि पगारही नाही. वडिलांची तब्येत बरी नसली की त्यांचा वर्ग ती घ्यायची. दुकानात बापाच्या मागे गल्ल्यावर बसणारी मुलगी आपण पाहिलेली आहे. हिशेब तिला सगळा येतो, पाटीवर नाव भावाचं लागतं. हे तिला परवडलं, कारण वडिलांचं घराणं मानहाइमचं लोखंडाच्या घाऊक व्यापाराचं आणि आई कोलोनच्या श्रीमंत घरातली. हिशेबाच्या दृष्टीने ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एमी नोएथर गणितात टिकली, कारण घरच्या पैशावर बिनपगारी काम करता आलं. तेवढंच डोकं असलेल्या, पण महिन्याच्या शेवटी घरी पैसे न्यावे लागणाऱ्या मुलींची चरित्रं आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

१९१५ मध्ये डेव्हिड हिल्बर्ट आणि फेलिक्स क्लाइन यांनी तिला ग्योटिंगेनला बोलावलं. जगातल्या गणिताची ती पंढरी. आइन्स्टाइनच्या नव्या सापेक्षता सिद्धांताचं गणित तिथे चाललं होतं, आणि त्यासाठी लागणारी विद्या एमीकडे होती. थोडक्यात, गरज त्यांना होती. पण जर्मनीत तेव्हा विद्यापीठात स्वतःच्या नावाने शिकवायचं तर पीएच.डी.नंतर आणखी एक परवाना लागायचा. प्रशियाच्या १९०८ च्या नियमाने तो बायकांना बंद होता. एमीचा अर्ज विभागापुढे आला. भाषा-इतिहासवाल्यांनी मोडता घातला. आपले सैनिक युद्धावरून परतल्यावर त्यांनी बाईच्या पायाशी बसून शिकायचं का, असा त्यांचा सवाल होता. त्यावर हिल्बर्टने, हे विद्यापीठ आहे, न्हाणीघर नव्हे, अशा अर्थाचं उत्तर दिल्याचं सांगतात.

हा किस्सा सगळ्यांना आवडतो. अभ्यासवर्गातही सगळ्यात मोठा हशा त्यालाच मिळाला. मलाही तो आवडतो. पण गंमत बघा, किश्श्यातला नायक हिल्बर्ट आहे, आणि किस्सा संपल्यावर अर्जाचं काय झालं हे कुणी विचारत नाही. अर्ज मंजूर झाला नाही.

त्यावर तोड काढली गेली. १९१६-१७ च्या हिवाळी सत्राच्या पत्रकात छापलं गेलं: गणिती भौतिकशास्त्राचं चर्चासत्र, प्राध्यापक हिल्बर्ट, साहाय्य डॉ. ई. नोएथर, सोमवारी चार ते सहा, फी नाही. शिकवायची एमी. हिल्बर्टने हे सद्हेतूनेच केलं, यात शंका नाही. तरीही ‘साहाय्य’ या शब्दाशी मी बराच वेळ अडकले. माझ्या पहिल्या नोकरीत एका संस्थेसाठी मी चौदा महिने वस्त्यांमधून फिरून अहवाल तयार केला होता. छापून आला तेव्हा मुखपृष्ठावर संचालकांचं नाव होतं आणि आतल्या पानावर, ‘साहाय्य’ या शब्दाखाली, टंकलेखकाच्या शेजारी माझं. मी काय केलं? पेढे वाटले. तक्रार कसली करायची, नाव तर आलं होतं.

१९१८ मध्ये एमीने जे केलं त्यावर आजचं भौतिकशास्त्र उभं आहे. मला समजलं तेवढं सांगते. ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते, हा ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शाळेत आपण सगळ्यांनी घोकला. तो का खरा आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. एमीने दाखवलं की निसर्गातल्या अशा प्रत्येक ‘टिकून राहण्या’मागे एक ‘सारखेपणा’ असतो. निसर्गाचे नियम काल होते तेच आज आहेत आणि उद्या राहतील, म्हणून ऊर्जा टिकते. इथे आहेत तेच तिथे आहेत, म्हणून संवेग टिकतो. कोणत्याही दिशेला तोंड केलं तरी तेच, म्हणून फिरण्याचा संवेग टिकतो. आणि हे दोन-तीन उदाहरणांपुरतं नाही, सर्वसाधारण नियम म्हणून सिद्ध केलं. आज अणूच्या पोटातल्या कणांचा अभ्यास करणारे याच वाटेने जातात. आमच्या मैत्रिणीने हे टेबलावर वाटी फिरवून समजावलं, तेव्हा पहिल्यांदा मला शाळेतल्या त्या नियमाबद्दल आपुलकी वाटली.

हा निबंध जुलै १९१८ मध्ये ग्योटिंगेनच्या विज्ञान सभेपुढे क्लाइनने मांडला. एमी त्या सभेची सभासद नव्हती. ती पुढेही कधी झाली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस आइन्स्टाइनने क्लाइनला पत्र लिहून कळवलं की तिचं नवं काम पाहून, तिला शिकवण्याचा परवाना नाही हा मोठा अन्याय आहे, असं पुन्हा एकदा वाटलं.

तेवढ्यात जर्मनी युद्ध हरली, कैसर गेला, लोकशाही आली, बायकांना मताचा अधिकार मिळाला. १९१९ च्या मे-जूनमध्ये एमीला परवाना मिळाला, तोही अपवाद म्हणून. वय ३७. पगार अजूनही नाही.

या ठिकाणी आणखी एका बाईला आणावंच लागतं. तिचं नाव एडिथ श्टाइन. तत्त्वज्ञ हुसर्लची विद्यार्थिनी, पीएच.डी. झालेली, ज्यूच. एमीला परवाना मिळाला त्याच १९१९ साली, त्याच ग्योटिंगेनमध्ये तिने तत्त्वज्ञानासाठी तोच परवाना मागितला. तिच्यामागे हिल्बर्ट नव्हता, आइन्स्टाइन नव्हता. तिचं काम तपासायलाही न घेता परत पाठवलं गेलं. तिने सरळ प्रशियाच्या मंत्र्याकडे लेखी तक्रार केली. २१ फेब्रुवारी १९२० ला मंत्रालयाचं उत्तर आलं: स्त्री असणं हा परवान्याच्या आड येणारा मुद्दा होऊ शकत नाही. हे सगळ्या विद्यापीठांना लागू झालं.

एमीच्या बाबतीत मोठ्या माणसांनी रदबदली केली, आणि एकीपुरता अपवाद झाला. एडिथने तक्रार केली, आणि नियम बदलला. तिला स्वतःला त्याचा फायदा झाला नाही. परवाना तिला कुठेच मिळाला नाही. पुढे ती ख्रिस्ती जोगीण झाली आणि १९४२ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत मारली गेली. अभ्यासवर्गात तिचं नाव आलं नव्हतं. दोष मैत्रिणीचा नाही. एमीच्या गोष्टींमध्ये एडिथ सहसा येत नाही.

१९२२ मध्ये एमीला प्राध्यापक ही पदवी मिळाली. नुसती पदवी, पद नाही. जबाबदाऱ्या नाहीत, हक्क नाहीत आणि पगारही नाही. त्याच वर्षी तिचा भाऊ फ्रिट्झ ब्रेस्लाउच्या तंत्रविद्यापीठात पूर्ण प्राध्यापक झाला. फ्रिट्झ चांगला गणितज्ञ होता. पण ‘नोएथर’ हा शब्द आज गणितात विशेषण म्हणून वापरला जातो तो त्याच्या बहिणीमुळे, हे सांगताना त्याचा अपमान होतो असं मला वाटत नाही. १९२३ मध्ये, म्हणजे वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, तिला बीजगणित शिकवण्याचं थोडंसं मानधन सुरू झालं. जर्मनीत तेव्हा पावाच्या लादीसाठी नोटांच्या गड्ड्या मोजाव्या लागत होत्या.

आणि याच वर्षांत तिने बीजगणिताचा चेहरामोहरा बदलला. १९२१ च्या तिच्या निबंधापासून आधुनिक बीजगणित सुरू झालं, असं जाणकार मानतात. मोठमोठी गणितं सोडवत बसण्यापेक्षा, ती ज्या सांगाड्यावर उभी असतात तो सांगाडाच ओळखायचा, अशी काहीशी तिची रीत. तिच्याभोवती पोरांचा घोळका असे. त्यांना ‘नोएथरची पोरं’ म्हणत. ती त्यांना कल्पना हातचं न राखता देई, त्यांच्याबरोबर गणितावर बोलत रानातून चालत जाई. हॉलंडहून आलेल्या व्हान डेर वार्डेनने लिहिलेलं बीजगणिताचं पुस्तक पुढे जगभर शिकवलं गेलं. एमिल आर्टिन आणि एमी नोएथर यांच्या व्याख्यानांचा आधार घेतल्याचं त्याने पहिल्याच पानावर नोंदवलं. रशियाचा अलेक्झांड्रोव्ह तिचा मित्र. १९२८-२९ चा हिवाळा तिने मॉस्कोत शिकवण्यात घालवला.

हे मित्र, ही पोरं तिला काय म्हणत? ‘डेर नोएथर’. मराठीसारखीच जर्मनमध्येही तीन लिंगं आहेत आणि ‘डेर’ पुल्लिंगी. म्हणजे ‘तो नोएथर’. ते प्रेमाने म्हणत, आदरानेच म्हणत. आपल्याकडे नाही का, पोरगी कर्तबगार निघाली की आई-बाप कौतुकाने म्हणतात, ‘ती आमचा मुलगाच आहे!’ एवढं थोर गणित करणारी बाई भाषेत बसेना, तेव्हा त्यांनी लिंग बदललं. जुन्या चरित्रांत तिच्या दिसण्यावर, जाड अंगावर, मोठ्या आवाजावर, विस्कटलेल्या केसांवर परिच्छेदच्या परिच्छेद आहेत. मृत्यूनंतरच्या श्रद्धांजलीच्या भाषणातही हेर्मान वाइलसारख्या सज्जन मित्राला, ती रूपाने देखणी नव्हती हे सूचित केल्यावाचून राहवलं नाही. हिल्बर्ट कसा दिसायचा, हे मला एवढं वाचूनही सांगता येणार नाही.

हा वाइल १९३० मध्ये हिल्बर्टच्या जागेवर ग्योटिंगेनला आला. एमीला बरं पद मिळावं म्हणून त्याने खटपट केली, जमलं नाही. आपल्यापेक्षा ती श्रेष्ठ आहे हे ठाऊक असताना तिच्या शेजारी वरच्या जागेवर बसायची आपल्याला लाज वाटे, असं त्यानेच नंतर सांगितलं. प्रामाणिक माणूस. पण लाज वाटून पगार होत नाही. १९३२ मध्ये झुरिकला गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पूर्ण सभेपुढे व्याख्यानाचा मान तिला मिळाला. असा मान मिळालेली ती पहिली बाई. त्या दिवशीही ती आपल्या विद्यापीठात पूर्ण प्राध्यापक नव्हती.

१९३३. नाझी सत्तेवर आले. ती ज्यू, बाई, शांततावादी, आणि पूर्वी काही वर्षं समाजवादी पक्षाची सभासद. राहत्या खाणावळीच्या घरातून तर आधीच, ‘मार्क्सवादी ज्यू बाई’ शेजारी नको असं तिथल्या विद्यार्थ्यांनी म्हटल्यामुळे, तिला जागा सोडावी लागली होती. एप्रिलअखेर ग्योटिंगेनमध्ये ज्या पहिल्या सहा जणांना घरी बसवलं त्यात ती होती. मानधन उशिरा आलं, बडतर्फी पहिल्याच यादीत! हेल्मुट हासने तिच्यासाठी गणितज्ञांची पत्रं गोळा करून सरकारकडे धाडली. उपयोग झाला नाही. एमीने विद्यार्थ्यांना आपल्या खोलीवर बोलावून वर्ग चालू ठेवला. एक जण नाझी गणवेशात येऊन बसायचा. तिने त्यालाही शिकवलं.

तेच साल वाचताना मला आपल्या कमलाबाई सोहोनी आठवल्या, तेव्हाच्या कमला भागवत, दुर्गाबाईंच्या भगिनी. त्यांनी १९३३ मध्येच बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला होता आणि सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाकारला होता. कमलाबाई तिथे जाऊन अडून बसल्या, अटी मान्य करून आत शिरल्या. पण त्या अटींचा अपमान विसरल्या नाहीत आणि रामन यांच्या कोत्या मनाबद्दल पुढे जाहीरपणे बोलल्या. रामन थोर शास्त्रज्ञ होते, हेही त्याच दमात म्हणाल्या.

एमीला १९३३ च्या अखेरीस अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात जागा मिळाली. विभागप्रमुख बाईच होती, ॲना पेल व्हीलर. आयुष्यात पहिल्यांदा गणित करणाऱ्या बायकांच्या घोळक्यात ती वावरली. आठवड्यातून एकदा प्रिन्स्टनला संशोधन संस्थेत व्याख्यान द्यायला जाई. पण त्याच गावातल्या प्रिन्स्टन विद्यापीठाबद्दल, ‘जिथे बाईच्या जातीचं काही आत घेत नाहीत असं पुरुषांचं विद्यापीठ,’ अशा अर्थाचं ती बोलून गेली. या एका वाक्याशी माझं वाचन थांबलं. म्हणजे तिला दिसत होतं. सगळं दिसत होतं. सगळे मित्र एकमुखाने सांगतात की तिच्या मनात कडवटपणा नव्हता, आणि मला ते खोटं ठरवायचं नाही. पण ती कुणापुढे बोलणार होती? परवाना ज्यांच्या रदबदलीने मिळाला, पत्रकातली जागा ज्यांनी मिळवून दिली, नोकरी गेल्यावर ज्यांनी पत्रं लिहिली, त्यांच्यापुढे? उपकाराखाली असलेल्या बाईला तक्रारीचा रकाना भरता येत नाही. केंद्रात हे मला रोज दिसतं.

एप्रिल १९३५ मध्ये गाठीचं ऑपरेशन झालं, आणि चार दिवसांनी, १४ एप्रिलला, ती अचानक गेली. आपल्यासाठी ती तारीख आंबेडकर जयंतीची, त्यामुळे लक्षात राहील. वय ५३. रक्षा ब्रिन मॉरच्या ग्रंथालयाच्या ओवरीत, फरसबंदीखाली आहे. आइन्स्टाइनने न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून, बायकांचं उच्च शिक्षण सुरू झाल्यापासूनची सर्वांत मोठी गणिती प्रतिभा, असा तिचा गौरव केला. मनापासून केला. तरी बघा, कौतुकालाही लेडीज डबाच. फ्रिट्झचं पुढे फार वाईट झालं. नाझींपासून वाचायला तो सोव्हिएत रशियात गेला, तिथे हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली पकडला गेला आणि १९४१ मध्ये त्याला गोळी घातली. भावाच्या पूर्ण प्राध्यापकपदाचा मघाशी मी हिशेब मांडला खरा, पण त्याचा शेवट वाचल्यावर पेन जड झालं.

आता आमच्या मैत्रिणीविषयी, तिच्या परवानगीने. मी हे सगळं तिला जाऊन सांगितलं. ती ऐकून घेत होती, मग गप्प झाली. मला ठाऊक नव्हतं ते असं, की ती नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते आहे. घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात. सुट्टीचे नाहीत, पेपर तपासण्याचे नाहीत, बाळंतपणाच्या रजेचा प्रश्नच नाही. गेल्या दोन सत्रांची रक्कम अजून हातात पडलेली नाही. विभागाच्या पत्रकात तिचा विषय एका सरांच्या नावावर आहे. ‘सर चांगले आहेत गं,’ ती म्हणाली, ‘दर वर्षी माझं नाव तेच सुचवतात.’

थकलेल्या पैशांसाठी अर्ज करायचं आम्ही ठरवलं. पहिला खर्डा तिने लिहून आणला. त्याची पहिली ओळ होती, ‘माझी तशी काही तक्रार नाही, परंतु’. दोघी खूप हसलो. मग ती ओळ खोडली, तासांचा तक्ता जोडला, तारखा घातल्या. अर्ज कॉलेजच्या कार्यालयात दिला आहे. आवक क्रमांक घेतला आहे, एक प्रत आमच्या फायलीत आहे. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की पुढच्या अंकात कळवू. तुमच्यापैकी आणखी कुणी तासिका तत्त्वावर शिकवत असाल, तर किती वर्षं, किती तास आणि किती थकबाकी, एवढं पोस्टकार्डावर लिहून पाठवा. नाव छापणार नाही.